रायभानचे घोंगडीचे मोजे

खर्ड्याच्या पलीकडं, बालाघाटाच्या माथ्यावर, पौषात सायकलचं हँडल धरवत नाही. हात निदान एकेक करून काखेत घालता येतात. सायकल मारणाऱ्याच्या पायांना मात्र लपायला जागा नसते, वारा थेट बोटांवर येतो. रायभान साळवेनं हे बारा वर्षं सोसलं. दूध संघाच्या उपकेंद्रावर तो गुरांचं कृत्रिम रेतन आणि औषधपाणी करायचा. गाय माजावर आल्याचा निरोप आला की उजाडायच्या आत निघायचं. सगळ्या वस्त्यांवर त्याला डॉक्टर म्हणत. बागायतदार काकासाहेब सोडून.

ब्याण्णवच्या हिवाळ्यात त्याच्या पायाची बोटं सुजून लालभडक झाली. तेव्हा बायकोनं, भीमाबाईनं, जुन्या घोंगडीचे तुकडे कापून मोजे शिवले. तळाला वर्तमानपत्राची घडी, त्यावर घोंगडीचा मोजा, दव लागू नये म्हणून वरून पावाची प्लास्टिक पिशवी आणि मग एक नंबर मोठे कॅनव्हासचे बूट. पहिल्या दिवशी नऊ किलोमीटर जाऊन आला, तरी पाय चुलीपुढं बसल्यासारखे गरम.

"आता कुटंबी जातो," तो भीमाबाईला म्हणाला.

काकासाहेबांची चाळीस एकर बागायत आणि अकरा संकरित गाई. त्यांच्या गोठ्यात दुधाच्या टेम्पोचा ड्रायव्हर चिखलाच्या बुटांनी खुशाल फिरायचा. रायभानला मात्र फाटकातच हाक यायची, "बूट भायेर! माज्या लक्ष्म्या हायेत आत." त्याला कळायचं ते कळायचं. तो मुकाट्यानं बूट-मोजे काढायचा आणि ओल्या फरशीवरून आत जायचा.

डिसेंबरातल्या एका सकाळी काम उरकून तो बाहेर आला, तर बूट जागेवर नव्हते. गुरांच्या हौदात तरंगत होते. घोंगडीचे मोजे पाणी पिऊन तळाला गेलेले. ओट्यावर काकासाहेब मिश्री लावत बसले होते.

"तुजा बाप जलमभर अनवानी आला आमच्यात," ते म्हणाले. "तुलाच बरी ऊब लागती रं?"

दोन गडी फिदीफिदी हसले. रायभाननं बाही वर करून हौदातून बूट-मोजे काढले, पिळले, कॅरिअरला बांधले आणि अनवाणी पायांनी पायडल मारत निघाला. पायडलची रबरं कधीच गेली होती, नुसती लोखंडी दांडी. उतारावर पाय बधिर झाला, कधी सटकला ते कळलंसुद्धा नाही. अंगठा चेनच्या चक्रात गेला आणि नख मुळापासून निघालं.

रात्री भीमाबाई हळद लावत होती. "सोडून द्या," ती म्हणाली.

"त्याला न्हाई सोडायचा."

पुढं वर्ष-सव्वा वर्ष तो त्या गोठ्यात जात राहिला. तसाच, बूट बाहेर काढून. नख वाकडंतिकडं उगवलं. रोज मोजा चढवताना तो त्याच्यावरून बोट फिरवायचा.

चौऱ्याण्णवच्या जानेवारीत एका पहाटे दारात मोटारसायकल थांबली. स्वतः काकासाहेब. प्रदर्शनात पहिली आलेली गाय अडली होती, वासराचा एकच पाय बाहेर दिसत होता. तालुक्याचा डॉक्टर ट्रेनिंगला नगरला गेलेला.

"डॉक्टर, चला लवकर. बसा मागं."

डॉक्टर! रायभान खाटेवर बसला. वर्तमानपत्र, घोंगडी, पिशवी, नाडी. काकासाहेब हात चोळत बघत राहिले. गाईची कळ त्यालाही होती, म्हणून तो रेंगाळला नाही, पण एकही घडी चुकवली नाही.

गोठ्यात तो बुटासकट शिरला. काकासाहेबांनी खाली बघितलं आणि बाजूला सरून वाट दिली.

"मालक, तुमचे बूट काढा. मोजे बी. गाय तुमच्या वळखीची, तोंडाची मोरकी तुमीच धरा."

त्यानं हात घालून वासराचा मुडपलेला पाय सरळ केला. अर्ध्या तासात कालवड बाहेर आली, फुरफुरली, गाय तिला चाटू लागली.

"जाऊ का?" काकासाहेबांनी विचारलं. त्यांचे दात वाजत होते.

"वासरामागची वार पडंस्तवर हलायचं न्हाई. मानूस हललं की गाय बुजती." आणि गड्याला, "फरशीवर पानी वत रं, घान झालीय."

वार पडायला अडीच तास लागले. काकासाहेब हौदातून ओतलेल्या गार पाण्यात, दगडी फरशीवर, कधी या पायावर तर कधी त्या पायावर उभे. रायभान पेंडीच्या पोत्यावर बसून होता. घरातून आलेला चहा त्यानं दोनदा मागून घेतला. त्या पायांची बोटं आधी लाल, मग निळसर होताना तो निवांत बघत होता. आयुष्यात इतकं स्वस्थ त्याला कधी वाटलं नव्हतं.

निघताना तो जवळ गेला. "मालक, उभं ऱ्हायाची गरज न्हवती. कालवड झाली तवाच जाता आलं आसतं तुमाला."

काकासाहेबांनी त्याच दिवशी संघाकडं तक्रार केली. साहेब चौकशीला आले. गाय ठणठणीत, कालवड उड्या मारतेय. "मग तक्रार काय आहे?" साहेबांनी विचारलं. मला अनवाणी उभं केलं, हे काही काकासाहेबांच्या तोंडून निघेना.

त्यानंतर तिथून बोलावणं आलं की रायभान बुटानंच आत जायचा. कुणी अडवलं नाही.

भीमाबाईनं एकदा विचारलं, "निवलं का मन?"

"थोडं," तो म्हणाला.

खर्ड्याला जायला त्याला जवळचा रस्ता होता. तरी पुढचे सगळे हिवाळे तो काकासाहेबांच्या ओट्यासमोरून वळसा घालून गेला, आणि ते मिश्री लावत बसलेले दिसले की तिथंच थांबून, खाली वाकून, बुटाची नाडी सावकाश सोडून पुन्हा बांधायचा.