मेस्त्री, मोटार आणि आमची जीप

नोकरीतल्या बऱ्याच गोष्टी मी रंगवून सांगतो. ही एक घटना मात्र आजही आठवली की मी विषय बदलतो.

परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या ठाण्याचा मी प्रभारी होतो. गावातला एक कापूस व्यापारी तक्रारी अर्ज घेऊन आला. त्याची मोटार बंद पडली होती. आठवड्यापूर्वी बाजारातल्या एका मेस्त्रीनं तिच्या वायरिंगचं काम केलं होतं. व्यापाऱ्यानं परभणीहून माणूस बोलावून गाडीला स्कॅनर लावला. त्याचा छापील कागद सोबत होता : ‘इंजिनाच्या कॉम्प्युटरशी संपर्क नाही.’

“मेस्त्रीनं असली कॉम्प्युटर काढून भंगारातला बसवला, साहेब,” व्यापारी म्हणाला.

मला मोटारीतलं ओ का ठो कळत नव्हतं. पण कागद छापील होता आणि तक्रारदार वजनदार. ऐन बाजाराच्या दिवशी मेस्त्रीला दुकानातून उचलून जीपमध्ये घातलं. स्टेशन डायरीत नोंद न करता दुपारपर्यंत फरशीवर बसवलं.

“माल कुठं विकलास?”

“म्या हात लावला न्हाई, साहेब.”

मी कानाखाली लगावली. त्यानंतर तो बोलेना. गप्प बसला म्हणजे केलंय, हा आमचा ठाण्यातला जुना हिशेब. बऱ्याच वेळानं तो म्हणाला, “फोन लागला न्हाई म्हंजे मानूस मेला असं हाय का? मधी तारच तुटली असंल. गाडी बघू द्या, मग काय मारायचं ते मारा.”

गाडी टोचन करून ठाण्याच्या आवारात आणलेली होती. हवालदारानं आधी कॉम्प्युटरवरचा नंबर गाडीच्या कागदांशी ताडून पाहिला. जुळला. मेस्त्रीनं मीटर लावला.

“हितं साठ ओहम पायजे. एकशेवीस दाखवायलंय. तार तुटलीय.”

त्यानं सीटखालचं मॅटिंग उचललं. उंदरानं कुरतडलेली वायर आणि भोवती सरकीची टरफलं. गाडी व्यापाऱ्याच्या कापसाच्या गोदामात उभी असायची. मेस्त्रीनं वायर जोडली आणि गाडी चालू झाली. व्यापारी ती घेऊन निघूनही गेला.

“जा आता,” मी म्हणालो. मेस्त्री उभाच.

“साहेब, आनताना समद्या बाजारानं बघितलं. जीपमधीच नेऊन सोडा. दुकानापुढं एवढंच म्हना, याची चूक न्हवती.”

जीप दारात होती, ड्रायव्हरही होता. “जीप बंदोबस्ताला जायचीय,” मी म्हणालो. धडधडीत खोटं. तो पायी गेला.

पोलिसांनी उचललेल्या मेस्त्रीकडं मग कोणी गाडी देईना. दोन-तीन महिन्यांत त्यानं दुकान बंद केलं आणि गाव सोडलं.

तपासात चूक कुणाचीही होते, असं मी नव्या पोरांना शिकवत आलो. पण माझी चूक त्याच दिवशी उघड झाली होती, आणि ती त्यानंच शोधून दिली होती. मला फक्त बाजारात उतरून एक वाक्य बोलायचं होतं. वर्दीचा रुबाब जाईल म्हणून मी बोललो नाही. याची मला लाज वाटते, आणि ती वयाबरोबर वाढतेय.

निवृत्तीनंतर एकदा मुद्दाम तिथं गेलो. त्या जागी आता मोबाईलचं दुकान आहे. मालकाला म्हणालो, “इथं एक मेस्त्री होता. त्याची काही चूक नव्हती.”

“कोन मेस्त्री, काका?” तो म्हणाला.