कॉलेज बघायला आलेले आबा

धुळ्याला आमचं कॉलेज नुकतंच निघालं होतं आणि कोणी पाहुणा आला की ते दाखवायला मीच पुढे धावायचो. एक दिवस शिंदखेड्याकडचे एक शेतकरी आबा आले. मॅट्रिक झालेल्या लेकीला इथं घालायचं की नाही, ते त्यांना ठरवायचं होतं. मी त्यांना प्रयोगशाळेतले काचेचे चंबू दाखवले, वाचनालयातली नवी कोरी पुस्तकं दाखवली, आर्टस्, सायन्स, सगळं एका दमात सांगितलं. आबांनी भिंतीवर थाप मारून पाहिली. मुलींच्या वसतिगृहात अजून एकही मुलगी नव्हती. तिथल्या बाईंना त्यांनी माहेर कुठलं ते विचारलं. मग विहिरीवर जाऊन ओंजळभर पाणी प्यायले.

"गोड शे," म्हणाले.

स्थळ बघावं तसं चाललं होतं. सायन्सबद्दल एक शब्द नाही. मी हिरमुसलो.

शेवटी ते ऑफिसात गेले आणि बऱ्याच वेळाने बाहेर आले. ऊन तापलं होतं, म्हणून मी तांब्याभर पाणी पुढे केलं. त्यांनी हात मागे घेतला.

"आते नको, भाऊ. पोर दिधी ना आठे, कालेजमा. पोरना घरनं पानी चालस का?"

तहानलेलेच ते स्टँडकडे चालू लागले. आणि मी भरला तांब्या हातात घेऊन वसतिगृहाकडे पळत सुटलो, बाईंना सांगायला.