आरशांचा दोष

पीएच.डी.साठी मी साताऱ्याहून चेन्नईला आले. प्रयोगशाळेत शेजारच्या टेबलावर बसणारी मुलगी मराठी बोलते, हे कळायला मला आठवडा लागला. तिचं घराणं तंजावरचं, राहायला चेन्नईतच, वेस्ट मांबलमला. "तूं जेवलीस कां?" असं तिनं जुन्या वळणाच्या मराठीत विचारलं, तेव्हा मला हसू आलं. माझं मराठी ऐकून तिलाही आलं. मग तिच्या डब्यातला रसम-भात आम्ही वाटून खाऊ लागलो.

आमचा विषय सूर्याच्या वातावरणातलं चुंबकीय क्षेत्र. ते डोळ्यांना दिसत नाही, पण तिथून येणाऱ्या प्रकाशावर खूण सोडतं. प्रकाशाच्या लहरी सगळ्या दिशांना सारख्या डुलण्याऐवजी एका दिशेला किंचित जास्त डुलतात. डोंगरावरच्या दुर्बिणीतून आलेली निरीक्षणं आम्ही चेन्नईत बसून तपासायचो. पण दुर्बिणीतले तिरपे आरसेही प्रकाशाला हेच करतात. त्यामुळे सापडलेली खूण सूर्याची की आरशांची, यावरून आमची रोज भांडणं व्हायची.

एकदा तिला एका सौरडागापासून बरीच लांब, जिथे काही असेल असं कुणालाच वाटत नव्हतं, एक पुसट खूण सापडली.

"ही सूर्याचीच," ती म्हणाली.

"आरशांचा दोष आहे," आमचे मार्गदर्शक म्हणाले. "प्रबंधातून काढून टाका."

मलाही त्यांचंच बरोबर वाटलं. खात्री करून घ्यायला तेव्हा आमच्याकडे साधनच नव्हतं. तिनं ते प्रकरण काढलं, आणि मग उरलेल्या प्रबंधात तिचं मन लागेना. त्यातच वडिलांना अर्धांगवायू झाला आणि तिनं तांबरमच्या एका कॉलेजात नोकरी धरली. "परत येत्यें गं," असं सांगून गेली. आली नाही.

मी मात्र त्याच प्रयोगशाळेत नोकरीला लागले. अठरा वर्षांनी, म्हणजे गेल्या वर्षी, दुर्बिणीला नवं उपकरण बसलं. त्यात आरशांचा वाटा वेगळा मोजून वजा करता येतो. मी तसाच एक डाग निवडला. आरशांचा वाटा काढून टाकला, तरी खूण राहिली. आनंद व्हायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी लोकलने तांबरमला गेले. तिचा तास नुकताच संपला होता, बोटांना खडू होता. स्टाफरूममध्ये मी फोनवर आलेख दाखवला.

"आरसे किती तिरपे होते?" तिनं पहिलं हेच विचारलं. मी सांगितलं. ती आलेख मोठा करून बघत राहिली.

"म्हणजे खरीच होती."

"परत येतेस? आपण दोघी मिळून लिहू."

"अत्ता?" ती हसली. "मुलगी दहावीत आहे. मी सगळं विसरल्यें."

"विसरली असतीस तर आरशांचं विचारलं नसतंस."

घंटा झाली. "परवायिल्लै," असू दे, असं तमिळमध्ये म्हणत तिनं माझा हात दाबला आणि हजेरीपट घेऊन उठली.

शोधनिबंधावर तिचं नाव पहिलं घातलं. छापून आल्यावर तिचा मेसेज आला: 'आई फार खूश झाली. बाबा असायला हवे होते.' संध्याकाळी नवी निरीक्षणं उघडली. एका ठिकाणी शंका आली. शेजारच्या टेबलावर आता प्रिंटर ठेवलाय.