आत्याने पळून पाहिलेली चड्डी

आमच्या नणंदबाई व्यायामाचे कपडे शिवतात आणि गिऱ्हाइकाला देण्याआधी ते स्वतः घालून बघतात. सगळे नाही, नव्या बेताचा पहिला नमुना. तो सकाळी अंगावर चढवायचा आणि दिवसभर त्यातच मशीनवर बसायचं. वर सैलसर सदरा, खाली कुठल्या तरी जिमची जांभळ्या पट्ट्यांची घट्ट लेगिंग आणि नाकाच्या शेंड्यावर चष्मा, असा त्यांचा अवतार असतो. संध्याकाळी निकाल लागतो. ‘गुडघ्यात ओढतेय.’ ‘बसलं की मागून खाली सरकते, माणसाची अब्रू जाईल.’ निकाल वाईट लागला, तर सगळं उसवायचं आणि पुन्हा बेतायचं. माझ्या मुलीनं लहानपणीच त्यांचं नाव ठेवलं, ‘घालूनबघ आत्या’. आता त्यांची गिऱ्हाइकंही तेच म्हणतात.

सायकल दुरुस्तीच्या दुकानावर दोन खोल्या, तेवढाच त्यांचा कारखाना. खिडकीशी तीन मशीन, मध्ये कापड बेतायचं लांब टेबल, भिंतीला टेकून कापडाचे तागे. मदतीला दोघी बायका. आधी नणंदबाई स्वतः शर्टाच्या कारखान्यात कॉलर शिवत. ‘नुसत्या कॉलरी. पूर्ण शर्ट कसा दिसतो ते मला दुकानात जाऊन बघावं लागे,’ असं सांगतात. कारखाना बंद पडल्यावर एक जुनं मशीन घेतलं आणि जिम वाढत गेल्या तशा ह्याही वाढल्या. लग्न केलं नाही. कोणी फार खोदून विचारलं, तर म्हणतात, ‘मापात बसेल असा मिळालाच नाही.’

माझी मुलगी त्यांची लाडकी. तिला त्या खारूताई म्हणतात, कारण ती चालत कधी येतच नाही. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे, मध्यम अंतराच्या शर्यती पळते. तिचे सरावाचे सगळे कपडे आत्याच्याच हातचे.

गेल्या वर्षी विभागाच्या संघाची निवड जवळ आली होती आणि माझ्या लक्षात आलं की पोरीची पाळी तीन-चार महिने आलेलीच नाही. तिला विचारलं, तर म्हणाली, ‘बरंच आहे की, सरावात खंड पडत नाही.’ माझ्या तोंडचं पाणी पळालं. मी वाचायला बसले. पॉलिएस्टरच्या घट्ट कपड्यांत काही रसायनं असू शकतात, घामाबरोबर ती अंगात जाण्याची शक्यता असते, हार्मोन्सवर परिणाम होऊ शकतो, असं एक ना दोन. त्यातले ‘शक्यता’ आणि ‘शकतो’ हे शब्द माझ्या डोळ्यांना दिसलेच नाहीत. सकाळी मी तिच्या कपाटातल्या सगळ्या लेगिंग पिशवीत कोंबल्या आणि नणंदबाईंच्या टेबलावर नेऊन ओतल्या.

‘ताई, ह्यानं पोरीचं काही बिघडलं असेल का हो?’

तिन्ही मशीन थांबली. ताईंनी एक लेगिंग उचलली, उलटी केली, शिवणीवरून बोट फिरवलं.

‘इतकी वर्षं मीच घालून बघतेय. माझं काय बिघडलं?’ मग स्वतःशीच पुटपुटल्या, ‘पण माझं सोड. माझं सगळं केव्हाच बंद झालंय, मला काय कळणार!’

माझ्यामागोमाग मुलगी धापा टाकत जिना चढून आली होती. ‘आई, तू माझं कपाट रिकामं केलंस?’

‘पळणंच बंद. नक्की काय ते कळेपर्यंत.’

‘निवड तोंडावर आलीये!’

‘निवड पुन्हा होईल.’

‘डॉक्टरकडे नेलंस का तिला?’ ताई मध्येच म्हणाल्या.

‘उद्याची वेळ मिळालीये.’

‘मग पळणं बंद करायचं की नाही ते डॉक्टर सांगतील. कापड बदलणं माझ्या हातात आहे, ते मी आज करते.’

डॉक्टरबाईंनी तपासलं, रक्त घेतलं, नीट ऐकून घेतलं. मी कपड्यांचं विचारलं. त्या हसल्या नाहीत, ह्याचं मला बरं वाटलं. ‘काही कपड्यांत अशी रसायनं सापडतात, हे खरं आहे,’ त्या म्हणाल्या. ‘पण अंगात किती जातात आणि त्यानं नेमकं काय होतं, ते अजून कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. नवा कपडा धुऊन घाला, घामट कपड्यांत बसून राहू नका, जमेल तिथे सुती वापरा. त्यात तोटा काहीच नाही. पण पळणाऱ्या मुलींची पाळी थांबली की मी आधी दुसरंच विचारते. काय गं, खातेस ना पोटभर?’

‘खाते की,’ मुलगी म्हणाली.

‘मी स्वतः डबा भरून देते,’ मी म्हणाले. आणि तो रोज रिकामा परत येत होता, त्यामुळे मी अगदी ठामपणे म्हणाले.

अहवाल येईपर्यंत जोराचा सराव बंद, हलकं पळायला हरकत नाही, असं ठरलं.

तोवर ताईंची सुती चड्डी तयार झाली होती. होजिअरीचं मऊ कापड. दिवसभर घालून त्यांनी निकाल दिला होता, ‘लोणी आहे लोणी.’ दुसऱ्या दिवशी मुलगी ती घालून मैदानावर गेली आणि परत आली ती बदकासारखी पाय फाकवत. घामानं कापड जड झालं, शिवण मांडीला घासत राहिली, दोन्ही मांड्या सोलवटल्या. तिनं आत्याला फोन लावला.

‘आत्या, तू ही बसून बघितलीस. मी पळते!’

ताई म्हणाल्या, ‘बरोबर आहे गं बाई. आजपर्यंत मी सगळ्याच बसून बघितल्या.’

त्यानंतरच्या सकाळी ताई मैदानावर हजर. पन्नाशी ओलांडलेली बाई, पायात कुणाचे तरी मागून आणलेले बूट, अंगात नवी सुधारलेली चड्डी आणि वर तोच सदरा. मी पाण्याची बाटली घेऊन पायरीवर बसले होते. मुलगी सोबतीला त्यांच्या चालीनं पळत होती, म्हणजे जवळजवळ चालतच होती. अर्धी फेरी होते न होते तोच ताई माझ्यासमोर कंबर धरून थांबल्या.

‘अगं, हा नेफा! दोन केळी खाऊन आलेय, तर पोटात कसला काचतोय! जीव जाईल माझा. तू कशी पळतेस गं ह्यात?’

‘मी खाऊन येतच नाही.’

‘बरं. आणि पळून झाल्यावर?’

‘मग तशीच कॉलेजला जाते, आत लेगिंग ठेवूनच. त्यात जेवलं की पोट दिसतं, आत्या. सगळ्यांचं सपाट असतं.’

‘आणि आईचा डबा?’

‘मैत्रिणी खातात. त्यांना फार आवडतो.’

एवढं बोलल्यावर तिला मी दिसले. माझ्या हातातली बाटली तशीच राहिली. ओरडायला माझं तोंड उघडलं होतं, पण त्याआधी ताई मातीत फतकल मारून बसल्या आणि हसायला लागल्या. ‘बघ, आपण दोघी शहाण्या कापडाच्या मागे लागलोय आणि आपलं कापड हिला जेवू देत नाहीये! चूक माझीच म्हणायची. कंबर घट्ट हवी, सपाट दिसायला हवं, असं जिमवाले सांगतात आणि मी आवळते.’ मुलगी आधी हसली आणि मग आत्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. मी पुढे होऊन बाटली दिली. ओरडायचं राहून गेलं.

रक्ताचा अहवाल आणि तिचं खरं खाणं एकत्र पाहून डॉक्टरबाई म्हणाल्या, शरीरानं काटकसर सुरू केली होती, म्हणून पाळी थांबली. आता पळण्याआधी थोडं, पळून झाल्यावर लगेच आणि दुपारचा डबा स्वतःच्या पोटात. निवड मात्र हुकली. त्या दिवशी मुलगी कडेला उभी राहून मैत्रिणींसाठी टाळ्या वाजवत होती. माझा जीव तुटत होता.

ताईंचं काम चालूच होतं. शिवणी बाहेरच्या बाजूला घेतल्या, मांडीला दुहेरी मऊ पट्टी दिली, कंबरेचं इलास्टिक काढून रुंद नेफा आणि नाडी. ‘नेफ्यात जेवणाची जागा ठेवलीय,’ म्हणाल्या. प्रत्येक बदल पळून बघितला. आणि सराव संपला की घालायला एक कोरडा सुती जोड, मुलीच्या बॅगेत कायमचा.

एका दुपारी त्यांचा फोन आला. ‘आली!’

‘कोण आली?’

‘अगं, जिच्यासाठी तू सगळ्या देवांना वेठीला धरलंयस ती! खारूताई आत्ता माझ्याकडे पळत येऊन पॅड मागत होती.’

खाण्यानं आली की विश्रांतीनं, कपड्यांचा त्यात काही वाटा होता की नव्हता, हे मला अजून माहीत नाही. डॉक्टरबाई खाण्याच्या बाजूनं आहेत. मी आजही वाचते, पण आता सगळे शब्द वाचते. पुढच्या तपासणीला त्यांनी मुलीला पूर्ण सरावाची मोकळीक दिली. शर्यतीच्या दिवशी ती संघाचा पॉलिएस्टरचा गणवेश घालते, शेवटची रेघ ओलांडते, कपडे बदलते आणि सगळ्यांसमोर डबा उघडते. ह्या वेळी संघात तिचं नाव शेवटून दुसरं आहे. पण आहे.

ताईंच्या सकाळच्या फेऱ्या थांबलेल्या नाहीत. परवा एका जिमवाल्यानं माल कधी मिळेल म्हणून विचारलं, तर त्याला सांगितलं, ‘अजून माझं पळून व्हायचंय.’ काल मला एक पुडकं दिलं. आत रुंद नेफ्याची, धुऊन वाळवलेली सुती चड्डी.

‘तुझ्या मापाची आहे,’ म्हणाल्या. ‘पायरीवर बसून काळजी करतेस ना, ती आता पळून कर.’

उद्या सकाळी करून बघणार आहे.