डॉमनिक सरांचा छातीवरचा हात

या सीझनमध्ये बेंचवर बसून मी एकही मॅच धड पाहिली नाही.

मी फक्त डॉमनिककडे बघत होते.

मुलींचे डॉमनिक सर. आज सकाळी गेले.

माझ्यासाठी नुसता डॉमनिक. कॉलेजात असताना आम्ही एकाच कोर्टवर बास्केटबॉल खेळायचो. पुढे तो आमच्या शाळेचा आणि ज्युनिअर कॉलेजचा कोच झाला. मी तिथेच शिकवत होते, त्याची असिस्टंट झाले. मरोळच्या गावठाणातला माणूस. मला आयुष्यभर 'बाय' म्हणाला. दुसऱ्या कोणी म्हणून बघावं.

सीझन सुरू व्हायच्या आधी त्याची बायको नॅन्सी घरी आली. चहासुद्धा घेतला नाही.

"त्याच्या हार्टमध्ये ब्लॉक आहेत. डॉक्टर म्हणतात, लगेच बायपास. हा म्हणतो, टूर्नामेंट्स झाल्यावर."

"मी बोलते त्याच्याशी."

"सगळे बोलले गं. फादरपण बोलले. तू फक्त त्याच्या बाजूला बस."

आणि जिभेखाली ठेवायच्या गोळ्यांची पट्टी माझ्या हातात दिली.

मी तरीही बोललेच.

"डॉमनिक, तू मूर्ख आहेस का?"

"बाय, पोरी बारावीला आहेत. पुढल्या वर्षी ही टीम कुठे असणार? आणि त्यांना सांगू नको हां. बॉल सोडून माझ्याकडे बघत बसतील."

म्हणून बघायचं काम माझ्याकडे आलं.

ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. गोंगाटात कोचचा आवाज पोचत नाही, म्हणून खुणा ठरलेल्या असतात. डॉमनिकची एक जुनी खूण होती. उजवा पंजा छातीवर.

म्हणजे झोन. समोरच्या खेळाडूला चिकटायचं सोडून प्रत्येकीने आपली जागा धरायची, बास्केटसमोर भिंत करायची.

खुणेसाठी या माणसाला छातीच सापडली होती.

बोरिवलीला शाळेच्या मुलींची मॅच होती. त्याने हात छातीवर नेला आणि मी पट्टी फाडतच उठले.

"काय होतंय? दुखतंय?"

"अगं, झोन! झोन लावतोय! बस खाली, रेफरी बघतोय."

मी म्हटलं, खूण बदल. डोक्यावर हात ठेव, कान पकड, काहीही कर.

"कान तू पकड. पोरींना पाचवीपासून हीच खूण ठाऊक आहे."

मग मुलुंड. मग घाटकोपर. आज शाळेच्या मुली, उद्या कॉलेजच्या.

प्रत्येक वेळी तो हात वर जायचा आणि मी खिशातली पट्टी चाचपायचे. मुली खूण बघून धावायच्या. मी त्याचे ओठ बघायचे, कपाळावरचा घाम बघायचे. त्या उन्हात घाम तर सगळ्यांनाच येत होता.

जिंकून मुली गळ्यात पडायच्या.

"मॅडम, आता तरी हसा ना यार!"

"फ्री थ्रो किती घालवले ते आधी सांगा."

गोळ्यांची पट्टी अजून मुठीत असायची माझ्या. हसू कुठून आणणार?

फायनल अंधेरीला, कॉलेजच्या मुलींची. समोरच्या टीममध्ये एक उंच मुलगी होती, लांबून नेम धरणारी. हाफ टाइमला डॉमनिकने एवढंच सांगितलं, "तिला चिकटा. श्वास घेऊ देऊ नका."

शेवटचा क्वार्टर. आम्ही पुढे होतो.

डॉमनिकचा हात छातीवर गेला. इतक्या वेळा फसले होते, या वेळी मी बसून राहिले.

आमची कॅप्टन श्रावणी ओरडली, "झोन! झोन!" पाचही जणी मागे सरकल्या.

उंच मुलगी मोकळी सुटली. तिने लांबून बास्केट केली. लगेच दुसरी.

हात तिथेच.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. लांबून मारणारीसमोर झोन लावत नाहीत. शाळेतल्या पोरीलाही कळतं ते. आणि डॉमनिक?

ही चूक डॉमनिक करणार नाही.

मी टाइम-आउट मागितला. त्याचा दुसरा हात खुर्चीची कड आवळून होता. मी गोळी त्याच्या जिभेखाली सरकवली. मुली धावत आल्या.

"सर, झोन का पण?"

"पाणी प्या," मी म्हटलं. "झोन सोडा. तिला चिकटा."

डॉमनिकने माझी बाही ओढली. आवाज जेमतेम.

"बाय... यांना झोन कोणी सांगितला?"

तो माझ्याशी बोललेलं हे शेवटचं वाक्य. अँब्युलन्समध्ये तो बोलला नाही, आयसीयूत बोलू दिलं नाही.

मॅच आपण हरलो. मला हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये कळलं. तेव्हा कळून न कळल्यासारखंच होतं.

आज सकाळी नॅन्सीचा फोन आला. त्यानंतर थोड्या वेळाने श्रावणीचा मेसेज.

"मॅडम, सगळे म्हणतायत सरांना हरल्याचं टेन्शन आलं. झोन मी ओरडले होते. माझ्यामुळे झालं का?"

सगळे म्हणजे कोण, ते मला माहीत आहे. स्टँडमध्ये बसून पॉपकॉर्न खाणारे पालक. त्यांनी हे नीट वाचावं.

सरांचा निर्णय चुकला नव्हता. सरांनी झोन लावलाच नव्हता.

आणि श्रावणी, तू ऐक. मला तुझी काळजी वाटतेय, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय. सतरा वर्षांच्या मुलीने एवढं ओझं घेऊन झोपायचं नसतं.

त्याची छाती दुखायला लागल्यावर मग झोन झाला. झोनमुळे छाती दुखली नाही. आधी काय, नंतर काय, हे नीट पाठ कर.

फायनलच्या धावपळीत, बॉल दुसरीच्या हातात असताना, तू तुझ्या कोचकडे बघितलंस. तो हात तुला दिसला. तू ओरडलीस, नको तिथे झोन लागला, म्हणून मला कळलं आणि मी उठले. नाहीतर मीही त्याला नुसता झोन समजून बसले असते. नॅन्सीला त्याच्या उशाशी बसायला हे काही दिवस मिळाले, ते त्यामुळे.

फोन उचल. मी सकाळपासून लावतेय.

नाही उचललास तर घरी येतेय. दार उघड.

डॉमनिक, तुझ्या पोरींकडे मी बघते. शांतपणे जा, मित्रा.