रंगुबाईची लंडनची पर्स

मिरजगावात ओढ्यावर धुणं धुताना बायकांना हसायला काही मिळालं नाही, की रंगुबाई स्वतःलाच पुढं करायची. "माज्या डोस्क्यात देवानं मेंदूच्या जागी कोंडा भरलाय," असं म्हणून ती जे सांगायची, ते या पर्सचं.

रंगुबाईचं जपणं म्हणजे काय विचारू नका. लग्नातला शालू पेटीत, माहेरचा हंडा पोत्यात, जत्रेतल्या बांगड्या कापसात, आणि बाईसाहेब स्वतः ठिगळाच्या लुगड्यात! नवऱ्याचं नाव श्रीमंत; तो वैतागायचा. "आगं, वापरायचं कदी? मेल्यावर?"

"वापरलं की संपतं," ती म्हणायची.

तिची धाकटी बहीण पुष्पावती लंडनला नर्स होती. एकाहत्तरच्या सुरुवातीला ती सुट्टीवर आली, तेव्हा थोरलीसाठी भारीतली चामड्याची पर्स घेऊन आली. तपकिरी, लोण्यासारखी मऊ, सोनेरी कडीची. "अक्का, रोज वापर," ती म्हणाली. "आणि ठेवलीसच तर कापडात ठेव, आत कागद कोंब म्हणजे चेपणार नाही, वारा लागू दे."

'रोज वापर' हे रंगुबाईच्या कानात शिरलंच नाही. बाकीचं शिरलं, पण स्वतःच्या अकलेची फोडणी घेऊन. चामडं तिला काय नवीन होतं? माहेरी विहिरीवर मोट चालायची, आणि मोटेचं कातडं तडकू नये म्हणून बाप त्याला करडईचं तेल पाजायचा. मग ही तर राणीच्या गावची, हिला चार पळ्या जास्तच! कागद घरात कुठला? तिनं बियाण्याच्या भुईमुगाच्या शेंगा ठासल्या. पर्सचं पोट कसं टच्च झालं. मग जुन्या लुगड्यात गाठोडं बांधून आढ्याला टांगलं, वारा लागायला. करडईच्या तेलात मुरलेलं कातडं आणि आत शेंगा. उंदरांना याहून वेगळं आमंत्रण काय द्यायचं असतं?

गाठोडं सोडायचं नाही, धूळ बसते, असा नेम. दर आमुशाला हात उंच करून ती खालूनच तेलाचा बोळा फिरवायची आणि तळहातावर वजन बघायची. पुढं पुढं वजन उतरायला लागलं. शहाण्या माणसानं गाठ सोडून बघितलं असतं. रंगुबाई म्हणाली, चामडं सुकतंय बिचारं! आणि तिनं तेल वाढवलं.

पुढच्या उन्हाळ्यात पुष्पावती पुन्हा यायची झाली, तसा रंगुबाईचा जीव फुलला. शिकलेल्या बहिणीनं एकदा तरी म्हणावं, 'अक्का, जपावं तर तूच,' एवढीच तिची आस होती. ते ऐकायला साक्षी हवेत म्हणून शेजारच्या चांगुणा आणि मुक्ताबाई यांनाही तिनं चहाला बोलावलं.

पुष्पावती आली, चहा झाला आणि श्रीमंतनं गाठोडं उतरवून सोडलं. पर्सचा पुढचा भाग नुसता चकाकत होता. "बगा!" म्हणून रंगुबाईनं ती फिरवली, आणि मागं मूठ जाईल एवढं भगदाड. आत शेंग एक नाही, नुसती टरफलं, आणि चिंध्यांच्या बिछान्यात उंदराची गुलाबी पिल्लं वळवळत होती.

"आगं बया बया!" चांगुणा ओरडली. रंगुबाई पोरीसारखी रडायला लागली. "सात समिंदराच्या पल्याडनं आनली तू, आन मी येडीनं उंदराला जेवाय वाढली!"

पुष्पावती रागावली नाही. तिनं आपली पर्स पुढं ठेवली. हुबेहूब तसलीच. फक्त कोपरे झिजलेले, कडी काळी पडलेली, बंद दोनदा शिवलेला.

"दोन घेतल्या होत्या, अक्का," ती म्हणाली. "तिथं माझं कुणी नाही. रोज सकाळी कामावर निघताना ही हातात धरली, की वाटायचं, अक्का पण आत्ता तिची धरून बाजाराला निघाली असेल. तेवढीच सोबत."

रंगुबाईचं रडं थांबलं. तिनं तो दोनदा शिवलेला बंद बोटानं चाचपून बघितला.

"म्हंजे तू वापरली, उंदरानं वापरली," ती म्हणाली. "आन तू तिकडं येकटीच चालत हुतीस व्हय गं?"

पिल्लं श्रीमंतनं बाहेर नेली. दुसऱ्या दिवशी बाजार होता. रंगुबाईनं पर्स पुसली, भगदाड काखेच्या बाजूला केलं आणि बहिणीचा हात धरून भर बाजारातून निघाली. परतताना अर्ध्या वाटेत मागनं मुक्ताबाई ओरडली, "रंगुबाई, आगं मिरच्या गळत्यात!"

"गळू दे," रंगुबाई मागं न बघताच म्हणाली. "चल गं पुष्पे."