मागून उघडा शर्ट

"सामने से बिलकुल पता नहीं चलेगा, आंटीजी," टेलर आईला सांगत होता.

मी सदर बाजारातल्या त्याच्या दुकानाच्या पायरीवर उभी होते. काउंटरवर बाबांचा क्रीम रंगाचा नवा शर्ट पालथा पसरलेला होता आणि टेलर कॉलरपासून खालपर्यंत पाठीवर खडूची रेघ ओढत होता. तिथून शर्ट कापायचा आणि दोन्ही कडांना वेल्क्रोची पट्टी लावायची. समोरची बटणं लावलेलीच राहणार, नुसती दिसायला. हात पुढून घालायचे, मागे पट्टी दाबायची, की झालं.

"रामलीलावाले भी हमसे ऐसे ही सिलवाते हैं," तो म्हणाला. "एक मिनट में साधु, एक मिनट में राक्षस."

आई हसली. बऱ्याच दिवसांनी हसली म्हणून मी काही बोलले नाही. तशीही मी बोलत नाही. शाळेत इंग्रजी, गल्लीत हिंदी, घरात मराठी, आणि तिन्हीकडे मी कमीत कमी शब्दांत भागवत आले आहे.

"शाल तर टाकतीलच अंगावर," आई मला म्हणाली. "पाठ कोण पाहते?"

आमच्या इकडच्या फॅक्टऱ्यांमध्ये रिटायर होणाऱ्या माणसाला त्याच्या सेक्शनचे लोक एकटं घरी जाऊ देत नाहीत. शेवटच्या दिवशी गेटपासून घरापर्यंत उघडी जीप, ढोल, गुलाल, हार. दारात शाल आणि नारळ, आणि मग एकेकाची गळाभेट. बाबांनी नोकरीभर असे कितीतरी लोक पोचवले. संध्याकाळी कॉलरवर गुलाल घेऊन यायचे, तेव्हा आई म्हणायची, "रिटायर तो होते, आणि कपडे माझ्या घरचे खराब." बाबा म्हणायचे, "माझ्या वेळी सगळ्यांच्या बायका तुला शिव्या देतील, पाहून घे." क्रीम शर्टाचं कापड त्यांनी त्याच दिवसासाठी घेऊन ठेवलं होतं.

मग हिवाळ्यात त्यांना लकवा मारला. उजवा हात गेला, उजवा पाय घासत चालू लागला, आणि बोलण्यातले शब्द एकेक करून सुटे झाले. तेव्हापासून ते कोणासमोर आले नाहीत. कोणी भेटायला आलं की आतल्या खोलीचं दार लोटून घ्यायचं आणि आईने म्हणायचं, "झोपले आहेत." सुरुवातीला बाबांनाच ते हवं होतं. नंतर ती घराची सवय झाली.

पण रिटायरमेंटचा दिवस जवळ आला आणि सेक्शनवाल्यांचा निरोप आला, की तुम्ही गेटवर नाही तर आम्ही घरी येतो, तेव्हा बाबांनी डावा हात वर केला. हो. इतक्या महिन्यांत त्यांनी मागितलेलं हे एवढंच. बाहेरच्या खोलीत, आपल्या लोकांमध्ये, खुर्चीवर बसायचं.

टेलरचं ते 'एक मिनट' ऐकून मला घरी येताना ऑटोत टीव्ही आठवत राहिला.

मी लहान असताना रविवारी दुपारी जुन्या परदेशी मालिका हिंदीत लागायच्या. रंग उडालेले, माणसांचे ओठ एकीकडे आणि आवाज दुसरीकडे. त्यांत कोणीतरी साधा माणूस असायचा, कोट घातलेला, थोडा घाबरट. बाहेर काहीतरी जळायला लागायचं आणि तो सामानाच्या कोठडीत शिरायचा. दार लागायचं, दार उघडायचं, आणि तो घट्ट कपडे, उंच बूट आणि पाठीवर फडफडणारं कापड घालून बाहेर. दुसऱ्या एका मालिकेतली बाई तर कोठडीतही जात नसे. स्वतःभोवती गिरकी घ्यायची, पडदा पांढरा व्हायचा, संपलं.

मला आगीचं काही वाटत नसे. माझा प्रश्न कोटाचा होता. तो कुठे गेला? चष्मा कुठे ठेवला? बुटांच्या नाड्या कोणी सोडल्या?

"त्याची आई उचलत असंन," आई स्वयंपाकघरातून म्हणायची. "तुझ्या बाबांसारखाच आहे तो."

बाबा लेथवर काम करायचे. यंत्रातली गोष्ट समजावून सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद यायचा, तोच तेव्हा आला. "कॅमेरा बंद करतात," ते म्हणाले. "तो आरामात कपडे बदलते, चहाही पीत असंन. मग त्याच जागी उभा राहते आणि कॅमेरा चालू. मधला वेळ कापून फेकून देतात."

मला ते पटलं नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी फॅक्टरीतून आल्यावर ते निळ्या वर्दीतच माझ्यासमोर उभे राहिले. "डोळे मीट." मी मिटले. "उघड." समोर पायजमा आणि बनियनवाले बाबा, कमरेवर हात ठेवून, छाती काढून. मी किंचाळले. मग तो आमचा रोजचा खेळ झाला.

एकदा मी बोटांच्या फटीतून पाहिलं. बाबा एका पायावर उभे होते. दुसरा पाय पँटीत अडकला होता, एक हात भिंतीला होता, आणि मला कळू नये म्हणून ते दात आवळून, आवाज न करता उड्या मारत होते. मी पटकन फट बंद केली. "उघड" म्हटल्यावर नेहमीसारखीच किंचाळले.

पुढे त्या मालिकांवर हसणारे मित्रमैत्रिणी कॉलेजात भेटले. कपड्यांवरून, उड्यांवरून विनोद व्हायचे. मीही हसायचे. मनात मात्र वेगळंच असायचं. जळत्या इमारतीसमोरच्या गर्दीला त्याची कधी वाट पाहावी लागली नाही. कोठडीच्या दाराशी उभं राहून कोणी लोकांना सांगितलं नाही की जरा थांबा, तो आत कपडे बदलतोय.

आता घरात आम्ही तिघं त्या कापून फेकलेल्या वेळातच राहत होतो.

फिजिओथेरपीवाल्या दीदीने शिकवलं होतं. घालताना आधी आजारी हात, मग चांगला. काढताना उलट. ऐकायला सोपं आहे. आजारी हात जड असतो, मेलेल्या मासोळीसारखा बाहीतून निसटतो, आणि खांद्याशी जरा जास्त वळला की बाबांच्या तोंडून जो आवाज निघतो तो त्यांचा वाटत नाही. आईचा स्वतःचा खांदा दुखायला लागला, तेव्हा सकाळचं काम माझ्याकडे आलं. पहिल्या दिवशी मी त्यांच्या पायजम्याच्या नाडीला हात लावला आणि बाबा म्हणाले, "डोळे."

एवढंच. मी डोळे मिटले. गाठ, बाही, बटणं, सगळं मी चाचपून शिकले. ते "उघड" म्हणत नसत. तो शब्द त्यांना सापडत नसे किंवा म्हणायचा नसे. सगळं झालं की माझ्या मनगटावर डाव्या हाताने टिचकी मारायचे.

म्हणून आईने शर्ट कापला, हे मला समजत होतं. तिला त्यांना दुखवायचं नव्हतं.

सेक्शनवाले येणार होते त्या दिवशी जेवणानंतर आम्ही बाबांना तो शर्ट घातला. खरंच, पापणी लवते न लवते तोच बाबा तयार. क्रीम शर्ट, सरळ कॉलर, लावलेली बटणं. आईने आरसा धरला. "पहा, नवरदेव दिसून राहिले."

बाबांनी आरशात पाहिलं. मग डावा हात मागे नेऊन ते पाठ चाचपू लागले. वेल्क्रोच्या पट्टीवर बोट थांबलं. त्यांनी मला खुणेने जवळ बोलावलं. मी वाकले, तर त्यांनी डावा हात माझ्याभोवती टाकला आणि माझ्या पाठीवर थोपटलं. जोरात, पुरुष एकमेकांना थोपटतात तसं.

"गळे," ते म्हणाले. "गळे... भेटतील."

आई आरसा धरून तशीच उभी राहिली. शालीचा विचार तिने केला होता, हाराचा केला होता. सेक्शनमधला प्रत्येक माणूस मिठी मारून पाठीवर हात ठेवणार, हे ना तिच्या लक्षात आलं होतं ना माझ्या. प्रत्येकाच्या तळव्याखाली ती पट्टी येणार होती.

बाबांनी पट्टी ओढली. चर्र आवाज झाला. त्यांनी कपाटाकडे बोट दाखवलं. तिथे फॅक्टरीची निळी वर्दी टांगलेली होती, समोर बटणं असलेली, पाठीला अखंड.

"आता नाही हो," आई म्हणाली. "येऊनच राहिले ते लोक."

बाबांचं बोट खाली आलं नाही.

वर्दीच्या बाहीत आजारी हात कोपरापर्यंत गेला आणि अडकला. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी ढोल वाजला. आई घाई करू लागली, बाबांच्या तोंडून तो आवाज निघाला, आणि आईने हात सोडून दिला. तिच्या कपाळावर घाम होता. "जा, पाणी दे त्यांना," ती मला म्हणाली. "सांगून दे, झोपले आहेत. मला नाही होत आता."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. डावा हात त्यांनी अडकलेल्या बाहीवर ठेवला होता आणि ते ती एकटेच वर ओढत होते.

बाहेरची खोली माणसांनी, गुलालाच्या वासाने भरून गेली होती. मी पाण्याचा ट्रे घेऊन उभी राहिले.

"अरे बिटिया, हीरो कहाँ है?" एक टकले काका म्हणाले. "बुलाओ भई, आज तो छुट्टी ही छुट्टी है."

"मेकअप कर रहा होगा," दुसरे म्हणाले. सगळे हसले.

आतून पुन्हा तो आवाज आला. हसणं थांबलं. ढोलवाल्यालाही कोणीतरी खूण केली. काकांनी हातातली शाल उगाच नीट केली, आणि मग अगदी हळू, अगदी मायेने म्हणाले, "रहने दो बेटा. सो रहे हैं न? आराम करने दो. शाल भाभीजी को ओढ़ा देते हैं, बात एक ही है."

दोघंतिघं उठलेही. कोणी चपला शोधू लागलं. हो म्हणणं किती सोपं होतं. मान हलवली असती तरी पुरलं असतं, आणि ते सगळे सुटले असते, आम्हीही.

मी ट्रे खाली ठेवला आणि आतल्या दाराला पाठ लावून उभी राहिले. हिंदीत बोलायचं होतं, पण एकही हिंदी शब्द तोंडात येईना.

"बाबा झोपले नाहीत," मी म्हटलं. "शर्ट घालून राहिले. वेळ लागते त्यांना. तुम्ही थांबा."